ओतिलियाचं डोकं

एर्मिंदा नावेल्किरच्या हातून किटली कलंडली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते, आणि म्युझियममध्ये तिच्याशिवाय चिटपाखरूही नव्हतं. वाऱ्याने मागचं पत्र्याचं दार धाडकन आपटलं, ती दचकली, आणि येर्बाच्या चहासाठी तापवलेलं लिटरभर पाणी बाकावर सांडलं.

बाक म्हणजे खरं तर बाक नव्हताच. ते एक गाठोडं होतं. टेकडीत हाड सापडलं की भोवतालच्या मातीसकट त्याला गोणपाट आणि प्लास्टर लपेटायचं, वाळलं की उचलून आणायचं आणि गोदामात ठेवायचं, ही तिथली रीत. गाठोडी एकशे चाळीस आणि ती उघडून हाडं साफ करणारी माणसं दोन. तेव्हा एखाद्या गाठोड्याचा नंबर दहा-दहा वर्षं लागत नसे. हे आलं होतं तीन वर्षांपूर्वी. कुणा विद्यार्थ्याने त्यावर काळ्या शाईने लिहून ठेवलं होतं: ‘११-अ. घळीतून. किरकोळ तुकडे, बहुधा बरगड्या.’ बरगड्यांचं तिथे कुणालाच कौतुक नव्हतं. पण गाठोड्याची उंची बसायला बेताची, वरची बाजू सपाट आणि जागा शेगडीजवळची. म्हणून तीन वर्षं अख्खं म्युझियम त्याच्यावर बसून येर्बा पीत आलं होतं. डॉक्टर बोत्तासी तर वर उशी टाकून बसायचे.

प्लास्टर पाणी प्यायलं की आतली माती फुगते आणि माती फुगली की हाड तडकतं. एर्मिंदाने कपाळाला हात लावला. डॉक्टर सोळा दिवसांपूर्वी तुकडी घेऊन टेकडीवर गेले तेव्हा नावाआधी मानाचं ‘दोन्या’ लावून बजावून गेले होते, “दोन्या एर्मिंदा, मी येईपर्यंत नवीन काही उघडायचं नाही. शेपटीचे मणके तेवढे संपवा.” शेपटीचे मणके तिने मंगळवारीच संपवले होते, आणि आता उघडण्यावाचून इलाज नव्हता.

“बरगड्या तर बरगड्या,” ती स्वतःशी म्हणाली आणि तिने करवत घेतली.

एर्मिंदा एक्कावन्न वर्षांची, ठेंगणी, जाड चष्म्याची. शाळा सातवीपर्यंतच झालेली, पण हात असा स्थिर की भरल्या पेल्यातला थेंब हलणार नाही. पासो केमादो गावच्या दंतवैद्याकडे ती पंधरा वर्षं मदतनीस होती. ते म्हातारे झाले, दवाखाना बंद केला आणि आपली सगळी हत्यारं, कोरण्या, आकडे, हवेचा फवारा, म्युझियमला देऊन टाकली. ती चालवायची कशी हे म्युझियममध्ये कुणाला कळेना, म्हणून हत्यारांमागोमाग एर्मिंदाला बोलावणं आलं. महिनाभरासाठी गेली ती बारा वर्षं तिथेच राहिली. “पेशंट गुणी आहेत,” ती सांगायची. “ओरडत नाहीत, आणि पुढच्या सोमवारी येतो म्हणून पळून जात नाहीत.”

या बारातली अकरा वर्षं ओतिलियाची. ओतिलिया म्हणजे वाकड्या टेकडीतलं ते जनावर: लांब मानेचं, पाला खाणारं, नाकापासून शेपटीपर्यंत तीस मीटर भरेल असं, आणि मरून नऊ कोटी वर्षं झालेलं. पहिल्याच उन्हाळ्यात तिच्या मानेचा मणका वर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, “ही तर माझी ओतिलिया मावशी. तिचीही मान अशीच. शेजारच्या भिंतीवरून डोकवायला स्टूल लागायचं नाही.” तेव्हापासून तेच नाव, पण म्युझियमच्या आतल्या आत. बाहेर सगळे तिला नुसतं ‘टेकडीतलं जनावर’ म्हणत. पुढच्या उन्हाळ्यांत मांडीचं हाड मिळालं, कंबर मिळाली, शेपूट मिळाली, आणि मान तर शेवटच्या मणक्यापर्यंत, म्हणजे थेट डोकं जिथे टेकतं तिथपर्यंत. डोकं मात्र नव्हतं. या जातीच्या जनावरांचं डोकं मिळतच नाही. देहाच्या मानाने एवढंसं, मानेला कसंबसं अडकवलेलं. जनावर पडलं की पहिल्याच पुरात निखळून कुठल्या कुठे जातं. डॉक्टर तरी दर वर्षी मानेच्या टोकापासून पुढे टेकडी फोडत आत आत जात होते. यंदा ते बारा मीटर आत पोचले होते.

गोणपाट सुटलं. वरची माती ओली होऊन मऊ पडली होती, कोरणी लावताच सालपटासारखी निघत होती. एर्मिंदाने चष्मा पुसला, दिवा खाली ओढला आणि कामाला लागली. साडेदहाच्या सुमारास हाडाची कड दिसली. बरगडीची कड नव्हती ती. फार पातळ होती. मग एक चकचकीत तपकिरी टोक. तिने फवारा मारला, ब्रश फिरवला. पेन्सिलीएवढा दात, टोकाशी तिरका झिजलेला.

एका दाताचं काही नवल नव्हतं. मढ्यावर ताव मारणारी जनावरं आपले दात तिथेच गाळून जातात, दर उन्हाळ्यात डबाभर मिळतात. पण ते असतात सुरीसारखे. हा सुरीसारखा नव्हता. आणि सुटाही नव्हता. त्याच्या शेजारी दुसरा होता, मग तिसरा, चौथा, एकाला एक लागून, हाडात घट्ट रोवलेले.

“खालचा जबडा, डावी बाजू,” एर्मिंदाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, जणू दंतवैद्य शेजारी कार्ड घेऊन उभे होते. “सात. सगळे शाबूत. झीज वयाच्या मानाने ठीक.”

आणि मग आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

तिने कोरणी खाली ठेवली. तिने ब्रशने वरची माती हळूच झटकली, तशी एक मोठी गोल कड दिसू लागली, आत मातीने गच्च भरलेली. डोळ्याची खोबण. ती टेकायला जागा शोधू लागली, आणि तिच्या लक्षात आलं की तीन वर्षं आपण जिथे टेकत आलो ती जागा आता उरलेली नाही. ती जमिनीवरच बसली आणि हसू लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग गडबडा. एकट्या बाईने रिकाम्या गोदामात असं हसणं बरं नव्हे हे कळत होतं, पण हसू थांबेना.

आता सांगायचं कुणाला? म्युझियमचा नियम कडक होता: आधी डॉक्टरांना, मग बाकी जगाला. त्याला कारण होतं. ओतिलियाचं मांडीचं हाड निघालं तेव्हा बातमी आधीच फुटली, आणि रविवारी पस्तीस मोटारसायकली फावडी घेऊन टेकडीवर हजर. वाकड्या टेकडीवर फोन लागत नाही. तिथे पोचणारी एकच गोष्ट, रेडिओ. दुपारी साडेबाराला गावचं केंद्र माळरानावरच्या लोकांसाठी निरोप वाचून दाखवतं: कुणाचा मुलगा गुरुवारच्या बसने येतोय, कुणाच्या मेंढ्यांची लस आली आहे. टेकडीवरचा आचारी ते निरोप कधी चुकवत नसे.

तिने ओतिलियावर ओलं फडकं घातलं, वर प्लास्टिक अंथरलं, दाराला दोन कुलपं लावली आणि वाऱ्यात वाकून रेडिओकेंद्राकडे धावली.

निरोप वाचणारा फाउस्तो तिच्याच वर्गातला. त्याने तिचा कागद दोनदा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“‘डॉक्टर बोत्तासींना कळावं. ओतिलियाचं डोकं ठिकाणावर आहे. ती घरीच होती. ताबडतोब या. एर्मिंदा,’” त्याने मोठ्याने म्हणून पाहिलं. “ही ओतिलिया कोण?”

“डॉक्टरांची.”

“डॉक्टरांची कोण?”

“मावशी म्हण हवं तर. फाउस्तो, तू नुसतं वाच ना.”

“वाचतो गं. पण आवाज कुठला लावू? काळजीचा की आनंदाचा?”

“आनंदाचा,” एर्मिंदा म्हणाली आणि तोंडावर रुमाल धरला.

तिचे खांदे हलताना पाहून फाउस्तोला वाटलं, बाई रडते आहे. त्याचा आवाज मऊ झाला. “म्हणजे आधी ठिकाणावर नव्हतं?”

“अकरा वर्षं नव्हतं,” रुमालातून उत्तर आलं.

फाउस्तो मनाचा हळवा. त्याची सासू शेवटची दोन वर्षं त्याला पोस्टमन समजत होती. साडेबाराला, बस आणि लस यांच्या मधोमध, त्याने तो निरोप अगदी गहिवरून वाचला. पदरचंही थोडं घातलं: “मित्रहो, अकरा वर्षांनी एका वृद्ध स्त्रीचं डोकं ताळ्यावर आलं आहे. डॉक्टरांच्या घरच्या या आनंदात आपण सगळे सामील आहोत.” आणि वर एक वॉल्ट्झ वाजवला.

वॉल्ट्झ संपायच्या आत एर्मिंदाची थोरली बहीण आयदे आपली जुनी पिकअप घेऊन म्युझियमच्या दारात उभी राहिली. कोपरापर्यंत पीठ, ॲप्रन तसाच.

“कोण ओतिलिया?” तिने खिडकीतूनच विचारलं. “डॉक्टरला मावशी होती ती मेली, हे मला त्याने स्वतः सांगितलंय. कुणाला घरात घेतलंस तू? आणि तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

“खाली उतर,” एर्मिंदा म्हणाली. “पण शपथ घे.”

“कसली?”

“गप्प राहण्याची.”

“मी?” आयदे म्हणाली. “बये, एवढं काय घडलंय?”

एर्मिंदाने कुलपं काढली, प्लास्टिक उचललं, फडकं बाजूला केलं. आयदेने बराच वेळ पाहिलं. हवेत वीत धरून लांबी मापली.

“घोड्याच्या डोक्याहून जरासं मोठं आहे,” ती शेवटी म्हणाली. “एवढ्या मोठ्या धडाला एवढंसं डोकं?”

“एवढंच असतं.”

“आणि यावर बसून मी गेल्या नाताळला तीन ग्लास सायडर प्यायले?”

“तीन नाही, पाच.”

आयदेने ॲप्रन सोडला आणि पिठाचे हात त्यालाच पुसले. “चल, गाडीत बस. रेडिओवर भरवसा ठेवून चालत नाही. त्या फाउस्तोने काय वाचलं ते मी ऐकलंय.”

रस्ता खडीचा, वारा आडवा. पिकअप खेकड्यासारखी तिरकी चालत होती. विसाव्या किलोमीटरला पाइनेमाल कुटुंबाच्या फाटकाशी म्हाताऱ्या दोन्या क्लोरिंदा हात उंचावून उभ्या होत्या, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेला केक. आयदेला थांबावंच लागलं.

“डॉक्टरांकडेच निघालात ना?” क्लोरिंदा म्हणाल्या. “रेडिओवर ऐकलं, माझे तर डोळे भरून आले. हा केक ओतिलियाबाईंना द्या. दुधात भिजवून द्या म्हणजे चावायला त्रास व्हायचा नाही.”

एर्मिंदाने काहीच न बोलता केक घ्यायला हवा होता. पण आज जिभेला लगामच नव्हता. “दात चांगले आहेत त्यांचे,” ती म्हणाली.

“हो? या वयात? सगळे?”

“खालचे सात तर आहेतच.”

“सातच? बिचारी,” क्लोरिंदा हळहळल्या.

आयदेने अशी गाडी काढली की मागून खडी उडाली. पाचशे मीटर गेल्यावर तिला गाडी थांबवावी लागली. दोघी बहिणी स्टिअरिंगवर आणि एकमेकींवर कोसळत हसल्या, डोळे पुसून पुन्हा हसल्या. “सातच, बिचारी,” आयदे म्हणायची, की परत सुरू. लहानपणी चर्चमध्ये आईने दोघींना वेगळ्या बाकांवर बसवायचं ठरवलं होतं ते अगदी याचसाठी.

पुढे नाल्याच्या उताराला डॉन बेलिसारियो घोड्यावरून आडवे आले. खोगिरापुढे अर्धी मेंढी बांधलेली. त्यांच्या माळरानातूनच टेकडीची वाट जाते. अकरा वर्षं डॉक्टरांच्या गाड्या त्यांचंच फाटक उघडून आत जात होत्या. शब्द मोजून बोलणारा माणूस.

“ही त्या बाईंसाठी,” त्यांनी मेंढी पिकअपमध्ये ठेवली. थोडं थांबून विचारलं, “माणसं ओळखतात का?”

आयदेने खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

“अजून डोळे उघडले नाहीत, डॉन बेलिसारियो,” एर्मिंदा म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं. डोळ्यांत गच्च माती होती.

“उघडतील,” बेलिसारियो म्हणाले आणि टोपीला हात लावून निघून गेले.

समोरून धुळीचा लोट येताना दिसला तो चाळिसाव्या किलोमीटरला. पांढरा ट्रक. ट्रकमधून डॉक्टर बोत्तासी उतरले, आणि एर्मिंदा बघतच राहिली. सोळा दिवस टेकडीवर असलेला माणूस चक्क गुळगुळीत दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून आला होता. खांद्यावर घोंगडीसारखा पोंचो. मागे दोन विद्यार्थी एकमेकांना कोपरखळ्या मारत उभे.

“दोन्या एर्मिंदा,” डॉक्टर अतिशय सावकाश, गोड आवाजात म्हणाले. “कशा आहात? जेवलात का?”

“डॉक्टर, निरोप मिळाला ना?”

“मिळाला, मिळाला. छान निरोप होता. आता आपण शांतपणे गावात जाऊ, तुमच्या बहिणीच्या घरी बसू. सोळा दिवस एकटीने त्या गोदामात, वर हा वारा. चूक माझी आहे.”

एर्मिंदाने आयदेकडे पाहिलं. आयदेने डोळे मोठे केले. “हे तुला खुळी समजतात,” ती म्हणाली.

“तसं नाही,” डॉक्टर घाईने म्हणाले. “मी फक्त विचार केला. डोकं टेकडीतून निघालेलं नाही, कारण टेकडी मीच खणतोय. मग ते घरी असणं शक्य नाही. म्हणजे ज्यांचं ठिकाणावर नाही त्या…” त्यांनी खांद्यावरचा पोंचो सारखा केला. “तुम्ही बिचकू नये म्हणून दाढीसुद्धा करून आलो. वाटभर मी हेच जुळवत होतो, तुम्हाला कसं सांगायचं ते.”

“मला सांगायचं राहू दे,” एर्मिंदा म्हणाली आणि खिशातून फोन काढला. “हे बघा.”

उन्हात पडद्यावर काही दिसेना. डॉक्टरांनी फोन तिरपा धरून पाहिला, हाताची सावली केली, शेवटी पोंचो उलगडून स्वतःच्या आणि एर्मिंदाच्या डोक्यावरून घेतला. माळरानाच्या मधोमध, वाऱ्यात फडफडणाऱ्या लोकरी पोंचोखाली दोन माणसं वाकून उभी राहिली. बाहेर आयदे आणि विद्यार्थी श्वास रोखून.

 आतून आधी डॉक्टरांचा आवाज आला.

“किती?”

“सात दिसतात.”

“खालचे?”

“खालचे, डावीकडचे. वरचे अजून मातीत आहेत. इथे डोळा. हे बघा, दोन बोटांनी ताणून मोठं करा.”

“हाडात बसलेत? सुटे नाहीत?”

“डॉक्टर, मी पंधरा वर्षं जबडेच बघितले आहेत.”

 मग: “हे आहे कुठे?”

“अकरा-अ.”

“अकरा-अ कुठलं?”

“शेगडीजवळचं,” एर्मिंदा म्हणाली. “ज्यावर तुमची उशी असते.”

पोंचो खाली घसरला. डॉक्टर बोत्तासी, वय एकसष्ट, स्वच्छ शर्टानिशी रस्त्यावर मांडी घालून बसले.

“घळीतून,” ते हळूच म्हणाले. “मानेच्या टोकाच्या बरोबर खाली. घरंगळत गेलं ते. खाली गेलं, आणि मी आत आत खणत राहिलो. बारा मीटर.” त्यांनी वर पाहिलं. “तीन वर्षं मी तिच्या डोक्यावर बसून तिचं डोकं कुठे आहे याची चर्चा करत होतो?”

“रोज,” एर्मिंदा म्हणाली. “सकाळ-संध्याकाळ.”

त्यांचा चेहरा आधी वाकडा झाला, मग लाल झाला, आणि मग हा गंभीर माणूस, ज्याच्या तोंडून विद्यार्थ्यांनी कधी साधं ‘वा’ ऐकलं नव्हतं, तो असा हसला की तोल जाऊन उताणा पडला. उठला तो थेट ट्रकभोवती धावत सुटला. एक फेरी, दोन फेऱ्या. टोपी उडाली ती काटेरी झुडपांवरून समुद्राच्या दिशेने गेली, तिच्यामागे कुणी गेलं नाही. तिसऱ्या फेरीत त्यांनी आयदेचा हात धरला आणि तिला गरगर फिरवलं. वॉल्ट्झ होता की काय होता कुणास ठाऊक. दोघांपैकी एकालाही तो येत नव्हता. एका विद्यार्थिनीने दुसऱ्याच्या पाठीवर उडी मारली. एर्मिंदा रस्त्याच्या कडेला उभी राहून टाळ्या वाजवत राहिली. आनंदाने चक्कर येते हे तिने ऐकलं होतं. आता डोंगर खरोखरच फिरताना दिसत होते.

“म्हणायचं नाही हं अजून,” डॉक्टर धापा टाकत बजावू लागले. “तिचंच आहे असं कुणी म्हणायचं नाही. मणक्याला लावून बघितल्याशिवाय नाही. दुसऱ्या कुणाचं असू शकतं.” असं म्हणत म्हणत त्यांनी एर्मिंदाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

गावात पोचायला चार वाजले. म्युझियमच्या दारात तोवर चाळीसेक माणसं जमली होती. कुणी सुपाचं पातेलं आणलं होतं, कुणी विणलेली शाल. क्लोरिंदा नातवाच्या गाडीतून मागोमाग आल्या होत्या, नुकतेच दौडत पोचलेले बेलिसारियो घामाने निथळणारा घोडा नळाला बांधत होते. फाउस्तो मायक्रोफोन घेऊन सर्वांत पुढे.

“डॉक्टर, मावशींना दोन शब्द बोलता येतील का?” त्याने विचारलं.

डॉक्टरांनी गर्दीकडे पाहिलं, कुलपांकडे पाहिलं. नियम त्यांचाच होता. “काय करायचं, दोन्या एर्मिंदा?” त्यांनी हळूच विचारलं. “ही माणसं घरी परत पाठवू?”

“अकरा वर्षं आपण यांच्या फाटकांतून जातोय,” एर्मिंदा म्हणाली. “आणि ती शाल बघा. तीन तासांत विणलेली नाही ती. कुणीतरी स्वतःची काढून आणली आहे.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि गर्दीसमोर जाऊन उभे राहिले. “मित्रांनो, ओतिलिया माझी मावशी नाही. म्हणजे होती, पण ती वेगळी. ही म्हणजे टेकडीतलं जनावर. एकेकाने आत या, हात लावू नका, आणि रविवारी फावडं घेऊन कुणी तिकडे दिसलं तर माझ्याशी गाठ आहे.”

रांग लागली. आत जाताना लोक गोंधळलेले असत, बाहेर येताना ओठ दाबून हसत. एकटे बेलिसारियो हसले नाहीत. टोपी छातीशी धरून दिव्याखाली उभे राहिले. “माझ्या माळावर होती,” ते म्हणाले. “एवढी वर्षं. आणि मी म्हणत होतो तिथे गवताशिवाय काही नाही.” क्लोरिंदांनी चष्मा लावून सातही दात मोजले, मग केकचं फडकं सोडून म्हणाल्या, “हिला नको असेल तर आपणच खाऊ.” आयदेने सुरी आणली.

“मी रेडिओवर खोटं सांगितलं,” फाउस्तो कोपऱ्यात उतरलेल्या तोंडाने म्हणाला.

“एक शब्दही खोटा नव्हता,” एर्मिंदा म्हणाली आणि केकचा मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

बेलिसारियोंची मेंढी अंगणात भाजली गेली. डॉक्टरांनी तिसऱ्या पेल्यानंतर दात झिजण्यावर भाषण केलं. कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी टाळ्या दिल्या.

पुढचे चार दिवस एर्मिंदाने डोक्याची मागची बाजू मोकळी केली. तिथे लिंबाएवढा गुळगुळीत हाडाचा गोळा होता, जो मानेत टेकतो. पाचव्या दिवशी दोघा विद्यार्थ्यांनी मानेचा डोक्याकडचा मणका वाळूच्या ताटात आणला. डॉक्टरांचे हात घामेजले होते, म्हणून तो एर्मिंदानेच उचलला. तिने तो हळूच गोळ्याला लावला, केसभर फिरवला, आणि तो बसला. कुठे फट नाही, कुठे डगमग नाही. ताट धरून उभी असलेली विद्यार्थिनी ढसाढसा रडायला लागली.

“आता म्हणा,” एर्मिंदा म्हणाली.

“ओतिलियाचं आहे,” डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी ते पुन्हा म्हटलं, आणि बाहेर अंगणात जाऊन वाऱ्यात एकदा मोठ्याने म्हटलं.

सगळे फोनवर फोन करायला पांगले. एर्मिंदा पुन्हा दिव्याखाली बसली. जबड्याच्या आतल्या बाजूची माती काढायची राहिली होती. कोरणी सावकाश चालली होती. मागे दातांच्या रांगेपलीकडे तिला एक काडी लागली, करंगळीहून बारीक, किंचित वाकलेली. तिला वाटलं मूळ असेल. फवारा मारला. मूळ नव्हतं, हाड होतं. त्याच्यासमोर, आरशात दिसावं तसं, दुसरं.

ती हाडं तिने कधी पाहिली नव्हती, पण डॉक्टरांच्या पुस्तकातल्या चित्रात होती. जिभेच्या मुळाशी असतात ती. इतकी नाजूक की कुणाचीच उरत नाहीत. म्हणजे इथे, या दोन काड्यांवर, तिची जीभ टेकली होती. तिने पाला ओढला होता, चव घेतली होती, आवडलं नाही ते थुंकलंही असेल.

ऑफिसातून डॉक्टरांचा आवाज येत होता, कुणाला तरी तिसऱ्यांदा सगळं पहिल्यापासून सांगत होते. हाक मारली असती तर धावत आले असते. एर्मिंदाने हाक मारली नाही. तिने खुर्ची पुढे ओढली, कोपरं टेबलावर टेकली, आणि हे जगात आत्ता फक्त आपल्याला माहीत आहे, या आनंदात दहा मिनिटं नुसती बघत बसली.